वकिलाच्या रक्तातला तिसरा बँड

टेम्पो गाळ्याच्या दारात आडवा लागला तेव्हा मी आत हातमोजे घालून काम करत होते. शेजारच्या, पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या मालकाने बाहेरून हाक मारली, की मॅडम, तुमचं पार्सल आलंय, पण ते हलतंय. बाहेर येऊन बघते तर टेम्पोत बैल. पांढराशुभ्र खिलार, शिंगं मागे झुकलेली, आणि नजर अशी की भाडं मीच द्यायचं राहिलंय. त्याच्या शेजारी कासरा धरून एक उंच, पन्नाशीचा माणूस उभा होता.

"याचं रक्त तपासायचंय," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांदेखत काढा. बाटलीला मी हात बी लावनार न्हाई."

आता माझ्या लॅबला बैल कशाला लागतो? चमचाभर रक्त पुरतं. मी वैतागून तसं सांगितलंही. पण त्या माणसाचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. तो रडायच्या बेताला आला होता आणि चारचौघांत रडायचं नाही म्हणून बैलाच्या मानेवरून हात फिरवत होता.

माझा धंदा आधी सांगते. मी जनावरांचा जीनोटाइप काढते. म्हणजे त्यांच्या डीएनएमधल्या ठरावीक जागा वाचते आणि त्यावरून कोण कुणाचं पोर, कुणाला कोणता आनुवंशिक आजार, हे सांगते. कुत्र्यांचे ब्रीडर येतात, पोल्ट्रीवाले येतात, औषध कंपन्या उंदरांच्या शेपटीची टोकं पाठवतात. भोसरीत लेथ आणि प्रेसच्या मधल्या गाळ्यात लॅब का, असं सगळे विचारतात. भाडं परवडतं म्हणून. दुसरं कारण नाही.

मोठ्या लॅबमध्ये या कामाला परदेशी किट लागतात आणि मोटारीच्या किमतीचं मशीन लागतं. आमच्याकडे केस उपटतात. केसाच्या मुळाशी जी पांढरी गाठ निघते, तिच्यात डीएनए असतो. ती कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात उकळायची, मग सोड्याचा जोर मारणारं द्रावण घालायचं, झालं. त्यातला आपल्याला हवा तेवढाच तुकडा पीसीआर नावाच्या मशीनमध्ये वाढवायचा. पीसीआर म्हणजे डीएनएचं झेरॉक्स. मग ते तुकडे जेलीच्या पातळ थरात सोडून वीज लावायची. छोटे तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, आणि रंग दिला की जागोजागी रेघा दिसतात. त्या रेघांना आम्ही बँड म्हणतो. जेलीची पेटी आम्हाला मागच्या गल्लीतल्या नेमप्लेटवाल्याने ॲक्रिलिकची करून दिली. पहिल्यांदा ऑर्डर दिली तेव्हा त्याने विचारलं होतं, मॅडम, मासे कुठले ठेवणार?

बैलवाल्याचं नाव बबनराव. चाकणजवळच्या गावातलं जुनं घर. अर्धी जमीन कंपन्यांत गेली, पण दावणीला बैल कायम. टेम्पोतल्या बैलाचं नाव वकील. कारण त्याच्या बापाचं नाव बॅरिस्टर. या बॅरिस्टरने एकेकाळी घाट गाजवले होते. शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला इकडे घाट म्हणतात. आता तो म्हातारा झाला होता, पैदाशीच्या कामाचा राहिला नव्हता. त्याचे बाकीचे गोऱ्हे लहानपणीच खच्ची करून शेतीकामाला गेलेले. बापाचं बीज पुढे नेणारा वकील तेवढा एकच उरला होता.

जातिवंत खिलारांची नोंद ठेवणारी तिकडे एक समिती आहे. त्यांना वळू म्हणून वकील हवा होता. पण नोंदीआधी आईबाप डीएनएने सिद्ध करावे लागतात. समितीने रक्त मागवलं, एका मोठ्या लॅबला पाठवलं, आणि उत्तर आलं की नमुना मिश्र आहे, त्यात एकाहून जास्त जनावरांचं रक्त आहे.

मग काय! समितीने हिशेब लावला की बॅरिस्टरशी जुळावं म्हणून बबनरावांनी दुसऱ्याच बैलाचं रक्त त्यात मिसळलं. म्हणजे वकील बॅरिस्टरचा नाहीच, कुठला तरी उचलून आणलेला. नोंद रद्द. पुन्हा नमुना घेणार नाही. गावात तर लोकांनी नावच ठेवलं, कॉकटेल बबन. माणूस चावडीकडे फिरकायचा बंद झाला. तीन पिढ्या ज्या घराकडे लोक बैल बघायला यायचे, त्या घरावर हा शिक्का.

"मॅडम, हा बॅरिस्टरचा न्हाई असं निघालं तर मी गप घरी जाईन," तो म्हणाला. "पन मी मिसळलं न्हाई. येवढं मला कुनीतरी लिवून द्या."

ओळखीच्या पशुवैद्याला फोन करून बोलावलं. त्याने टेम्पोतच वकिलाच्या मानेतून रक्त काढलं. प्रेस शॉपमधले कामगार मशीन बंद करून बघायला आले, दोघांनी सेल्फी काढले. मी सवयीने शेपटीचे केसही उपटून घेतले. त्यावर वकिलाने लाथ झाडली, ती टेम्पोच्या फळीला बसली म्हणून मी हे लिहिते आहे.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. कुठल्याही जनावराला डीएनएची प्रत्येक जागा दोनदा मिळते. एक प्रत आईची, एक बापाची. म्हणून एका जागेवर जास्तीत जास्त दोन बँड दिसतात. दोन्ही प्रती सारख्या असल्या तर एक. तीन कधीही नाही. तिसरा बँड दिसला की सरळ समजायचं, नमुन्यात दुसरं कुणीतरी शिरलंय.

स्नेहल माझी सहकारी. मूळची नांदेडची, हाताला अतिशय स्वच्छ. तिने जेल उजेडावर धरलं आणि म्हणाली, "मॅडम, तीन दिसायलेत."

मी तिच्यावरच खेकसले. ड्रॉपर बदलला होतास का, टेबल पुसलं होतंस का. बिचारीने सगळं पहिल्यापासून केलं. मी स्वतःही वेगळं केलं. रक्तात तीन, काही जागांवर चक्क चार. आणि केसांत? केसांत दोन. स्वच्छ, देखणे दोन.

म्हणजे बबनरावांनी काही मिसळलं नव्हतं. रक्त माझ्यासमोर निघालं होतं. पण एकाच बैलाचे केस एक सांगतात आणि रक्त दुसरं, हे काय गौडबंगाल?

आम्ही गावी जाऊन बॅरिस्टरचे आणि वकिलाच्या आईचे, गौरी गाईचे, केस आणले. वकिलाच्या केसांतला प्रत्येक बँड जुळला. एक आईकडून, एक बापाकडून, एकही जागा चुकली नाही. बाप बॅरिस्टरच. मला इतका आनंद झाला की मी लगेच समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

अध्यक्ष निवृत्त पशुवैद्यक. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. माणूस सरळ, पण बोलायला करडा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की बाई, एकाच जनावराचे केस स्वच्छ आणि रक्त मिश्र, हे कसं? तुमच्या गाळ्यातल्या सोडा-पाण्यात गडबड नाही कशावरून? रक्त मिश्र का, याचं उत्तर द्या, मग बोलू. फोन ठेवला.

सोडा-पाणी! माझं डोकं असं तापलं की स्नेहलने न सांगता चहा पुढे केला. पण खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता. आणि चहा संपता संपता उत्तरही सुचलं. जुळं.

गाईच्या पोटात जुळी वासरं असली की बहुतेक वेळा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. याचं रक्त त्याच्यात, त्याचं याच्यात. नुसतं रक्तच नाही, रक्त तयार करणाऱ्या पेशीसुद्धा इकडच्या तिकडे जाऊन बसतात आणि जन्मभर तिथेच रक्त बनवत राहतात. म्हणजे बैल एक, पण रक्त दोघांचं. केस मात्र ज्याचे त्याचेच.

मी तिथल्या तिथे बबनरावांना फोन केला आणि विचारलं, याच्या जोडीला कोण होतं? ते लगेच म्हणाले, होता की, सोन्या नावाचा, आता आळंदीच्या बाजूला दिलाय. मी हवेत! स्नेहलला गाडीवर घेतलं, पत्ता विचारत आळंदीच्या पुढे गेलो, सोन्याच्या मालकाला पटवलं आणि केस घेऊन आलो. जेल लावलं. सोन्याचा वकिलाशी काडीचा संबंध नाही. भाऊ सोडा, चुलत चुलत भाऊही नाही.

चूक माझ्या मराठीची होती. बैलवाल्यांच्या भाषेत जोडी म्हणजे जू. वकिलाच्या जोडीला, म्हणजे जुवाला दुसऱ्या बाजूने कोण जुंपलं होतं, एवढंच बबनरावांनी सांगितलं होतं. स्नेहल आळंदीहून येताना काही बोलली नव्हती, जेल बघून मात्र पोट धरून हसली.

मग सरळ त्यांच्या घरी गेले. बबनरावांची आई, अनुसयाबाई, ऐंशीच्या घरातल्या, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी या वेळी शब्द मोजून वापरला. वकील जन्मला तेव्हा गौरीला जुळं झालं होतं का?

बबनराव म्हणाले, न्हाई. फार पटकन म्हणाले. मी बाईंकडे बघितलं. त्यांचा शेंगा फोडणारा हात थांबला होता.

मी पुन्हा समजावलं. जुळं असेल तर रक्त आपोआप मिसळतं, कुणीही मिसळावं लागत नाही, तुमच्यावरचा आळ एका शब्दात जाईल. बबनराव म्हणाले, मॅडम, चहा घ्या. मला कळेना. गावभर कॉकटेल म्हणवून घेणारा हा माणूस एवढं साधं उत्तर का देत नाही? राग यायला लागला होता. तेवढ्यात अनुसयाबाई बोलल्या.

"त्याला म्याच सांगितलंय, बोलायचं न्हाई म्हनून. आमच्यात जुळ्याचं नाव घेत न्हाईत, बाई. नाव घेतलं की दोघांतलं येक जातं. माज्या सासूनं घेतलं व्हतं, तवा गेलं. व्हय, जुळं व्हतं. ह्यो आन् येक कालवड. तिसऱ्या दिशी म्या ती माज्या माह्यारी धाडली, मान गावाला."

बबनराव उठून गोठ्यात गेले. वकील उभा आहे ना, ते बघायला गेले. मी हसले नाही. या माणसाने आईच्या शब्दापायी आणि बैलाच्या जिवापायी स्वतःला चोर म्हणवून घेतलं होतं. तो परत आला तेव्हा मी म्हटलं, बबनराव, तुम्ही अवघड माणूस आहात. तो म्हणाला, "त्याला कायी झालं असतं तर नोंद घिऊन काय करू, मॅडम?"

डॉक्टरसाहेबांना जुळ्याचा अर्थ सांगावा लागला नाही. जन्म गेला होता त्यांचा गाईंत. पण ते अडून बसले. म्हणाले, मी नोंदीच्या वेळी स्वतः विचारलं होतं, वेत एकाचं की दोनाचं. तेव्हा एकाचं म्हणाले, आणि आता आळ आल्यावर बरं जुळं आठवलं! कुठलीही कालवड उभी करून ही बहीण म्हणतील. मी म्हटलं, मग नमुने तुम्हीच घ्या. नावं तुमच्यापाशी ठेवा, मला फक्त अक्षरं द्या. ते म्हणाले, "चालेल. पण चुकलात तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

चुकलो असतो तर बबनरावांचं तोंड कायमचं बंद झालं असतं. आणि माझ्या सोडा-पाण्याचंही.

मानला आम्ही सगळे गेलो. अनुसयाबाईंच्या भावाची थोडी जमीन आयटी कंपनीच्या काचेच्या इमारतीला लागून अजून शिल्लक आहे. कंपाउंडच्या भिंतीजवळ कालवड चरत होती. कालवड म्हणायचं ती सवयीने, वयाने ती गाय झाली होती. पण कधी गाभण राहिली नव्हती. जुळ्यातला दुसरा नर असला की मादी जवळजवळ नेहमीच अशी वांझ राहते. पोटात असतानाच भावाच्या रक्तातून आलेली संप्रेरकं तिचं गर्भाशय नीट घडूच देत नाहीत. अनुसयाबाई दरवर्षी दिवाळीला माहेरपणाच्या नावाखाली येऊन तिला भाकरी घालून जायच्या, हे मला त्यांच्या भावाने सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी तिला हात लावून बघितलं. त्यांनी स्वतः रक्त काढलं, स्वतः केस घेतले. तसंच आणखी काही गाईबैलांचं घेतलं, परतताना वकिलाचंही घेतलं, आणि ट्यूबांवर नुसती अक्षरं लिहून माझ्या हातात दिली.

जेल लावायच्या दिवशी ते स्वतः गाळ्यात येऊन बसले. खुर्ची पीसीआर मशीनला लावून. शेजारी प्रेसचे ठोके, जेलच्या पेटीत पाणी थरथरतंय, आणि ते हाताची घडी घालून. बबनराव बाहेर टेम्पोत बसून होते, आत यायला तयार नव्हते.

पहिली टेस्ट लिंगाची. अगदी साधी. या जागेवर मादीला एक बँड येतो, नराला दोन. मी ओळीने वाचत गेले. क, रक्तात मादी, केसांत मादी. ख, दोन्हीत नर. ग वर आले आणि दोन्ही ओळी पुन्हा एकदा बघून घेतल्या.

"ग," मी म्हटलं. "रक्तात नर. केसांत मादी."

डॉक्टरसाहेब उठून जवळ आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी जेल डोळ्यांपुढे धरलं. मी पुढचं वाचत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ग म्हणजे मानची कालवड."

अजून एक जेल बाकी होतं, आईबाप ओळखायचं. ते काचेच्या दोन पाट्यांमध्ये लावतात आणि चांदीच्या क्षाराने रंगवतात. हळूहळू तपकिरी रेघा उमटायला लागल्या. मी वकिलाचं टेम्पोत काढलेलं आधीचं रक्त आणि ग चे केस शेजारी शेजारी ठेवले होते, ग म्हणजे कोण हे आता उघड झालं होतं म्हणून. वकिलाच्या रक्तात जिथे जिथे तिसरा, चौथा बँड होता, बरोबर त्याच रेषेत कालवडीच्या केसांतला बँड. एक नाही, दोन नाही, प्रत्येक ठिकाणी. ज्या परक्या जनावराचं रक्त मिसळलं म्हणून बबनरावांवर आळ आला, ते परकं जनावर त्याची सख्खी बहीण होती! स्नेहलने टाळी वाजवली आणि मग डॉक्टरसाहेब आहेत हे आठवून हात मागे घेतला. मी सरळ दुसरी टाळी वाजवली. वाजवू नये का? सोडा आणि ॲक्रिलिकच्या मासेपेटीवर काढलं होतं आम्ही हे.

डॉक्टरसाहेबांनी एकच शंका काढली आणि ती योग्यच होती. रक्त दोघांचं, तर बीज कुणाचं? वळू म्हणून याला सोडला तर वासरं याचीच होतील ना? वकिलाच्या बीजाचा नमुना त्यांच्याकडे आधीच होता. तपासला. केसांशी तंतोतंत जुळला. म्हणजे वासरं वकिलाचीच, आणि वकील बॅरिस्टरचा.

मग डॉक्टरसाहेब बाहेर टेम्पोपाशी गेले. काय बोलले ते प्रेसच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. बबनराव टेम्पोतून उतरले, एवढं दिसलं, आणि नंतर दोघंही बराच वेळ उगाच टायरकडे बघत उभे राहिले.

समितीची बैठक चाकणला झाली. गर्दी होती, कारण कॉकटेल बबनचं काय होतं ते बघायला अख्खं गाव आलं होतं. डॉक्टरसाहेबांनी माझ्या जेलचे फोटो पडद्यावर लावले, मला उभं करून सगळं समजावून सांगायला लावलं. मग स्वतः उभे राहिले.

"रक्त मिसळलेलं होतं, हे खरं आहे," ते म्हणाले. "ते गाईच्या पोटात मिसळलं. आम्ही माणसावर आळ घेतला. समिती चुकली, आणि समितीचा अध्यक्ष म्हणून मी चुकलो."

मागून कुणीतरी बॅरिस्टरचं नाव घेऊन आरोळी दिली, आणि अशी काही दणाणली ती खोली की छताचा पंखा बंद करावा लागला, कारण टोप्या वर उडत होत्या. वकिलाची नोंद त्याच दिवशी झाली. बबनराव माझ्याकडे आले आणि मला नमस्कार करून निघून गेले. मला तेवढं पुरलं.

अनुसयाबाई बैठकीला आल्याच नव्हत्या. त्या टेम्पो घेऊन मानला गेल्या होत्या, कालवड घरी आणायला. ती आता वकिलाच्या शेजारी बांधलेली असते. दोघंही ठणठणीत आहेत. अनुसयाबाई मात्र अजून रोज सकाळी उठून आधी गोठ्यात जाऊन दोघांना मोजतात.

समितीने नंतर नियम केला. मिश्र नमुना आला तर आधी त्याच जनावराचे केस तपासायचे, आणि ते काम आमच्या गाळ्यात येतं. माझ्यापुरता धडा एवढाच. महागड्या मशीनने तिसरा बँड बरोबर दाखवला होता. चुकलं ते पुढचं वाक्य. तीन बँड दिसले की जनावर पुन्हा तपासावं. माणसाला चोर म्हणायला नंतरही वेळ असतो.